९६ दिवसांची उधारी

ताईच्या बी.एस्सी. फायनलच्या गुणपत्रिकेवर खालच्या कोपऱ्यात निकालाची तारीख छापलेली आहे. गुणपत्रिका हातात घेतली की लोक टक्के बघतात. आमच्या घरी आधी ती तारीख बघतात. दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात तिला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला होता. अट एवढीच होती की शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका ठरलेल्या दिवसापर्यंत दाखवायची. निकाल त्या दिवसानंतर नऊ दिवसांनी लागला. तिची जागा यादीतल्या पुढच्या कोणाला तरी मिळाली.

तिचं कॉलेज आणि विद्यापीठ यांची नावं मी इथं देत नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नव्हताच. ४ फेब्रुवारी २०१३ पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, आणि तो ९६ दिवस चालला. कमी-अधिक फरकानं सगळ्या राज्यात तोच उन्हाळा होता.

मी तेव्हा दहावीत होतो. माझी बोर्डाची परीक्षा वेळेवर झाली. मार्चअखेर मी मोकळा होऊन क्रिकेट खेळत होतो आणि माझ्याहून मोठी बहीण त्याच घरात, कूलरसमोर, तीच पुस्तकं तिसऱ्यांदा वाचत होती. नागपुरात विद्यापीठाच्या परीक्षांना ‘उन्हाळी’ आणि ‘हिवाळी’ म्हणतात. त्या वर्षी ‘उन्हाळी’ या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा नीट कळला. प्रॅक्टिकल कधी होणार ते कोणाला सांगता येत नव्हतं, लेखी पेपर पुढे गेले तर किती जातील ते सांगता येत नव्हतं, आणि ४५ डिग्रीत रोज सकाळी उठून अभ्यास मात्र करायचा होता. तारीख नसलेल्या परीक्षेचा अभ्यास कसा करतात, हे ज्यानं केलं त्यालाच माहीत.

आमच्या ले-आउटमध्ये एक सर राहत. एका अनुदानित कॉलेजात शिकवायचे. बाबा त्यांना रोज संध्याकाळी गेटपाशी गाठायचे.

“सर, पोरीचे पेपर केव्हा होतीन?”

“भाऊ, मलाच माहीत नाही. पण एक सांगतो. आम्ही वर्षभर निवेदनं देतो, तेव्हा कोणी विचारत नाही. पोरांचे पेपर अडले की मंत्रालयातून बोलावणं येते.”

बाबा घरी येऊन चिडून हे सांगायचे. मला त्या वेळी सर स्वार्थी वाटले होते. बारा वर्षांनी तेच वाक्य मला त्या सगळ्या इतिहासाचं सार वाटतं. सर खोटं बोलत नव्हते, आणि ताईचं वर्षही खोटं नव्हतं. या दोन खऱ्या गोष्टी एकमेकींसमोर कशा उभ्या राहिल्या, ते समजून घ्यायला मी जुन्या बातम्या आणि शासन निर्णय वाचत गेलो.

दोन मागण्या

बहिष्कार पुकारला होता एमफुक्टोनं, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघानं. विदर्भात त्याची जुनी आणि पक्की शाखा म्हणजे नुटा, नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ. अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख हे या चळवळीचं विदर्भातलं सगळ्यात ओळखीचं नाव. १९८० ते २०१० अशी तीस वर्षं ते अमरावती पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर होते. नुटाचं बुलेटिन ज्यांच्या घरी येत असे त्यांना आठवत असेल: शासन निर्णय, कलमं, उपकलमं, पत्रांचे क्रमांक. कागदावर लढायची सवय असलेली ही संघटना होती.

मागण्यांची यादी मोठी होती, पण गाडं दोन ठिकाणी अडलं होतं.

पहिली मागणी पैशांची. सहावा वेतन आयोग १ जानेवारी २००६ पासून लागू धरला गेला. महाराष्ट्रात प्राध्यापकांसाठी त्याचा शासन निर्णय निघाला १२ ऑगस्ट २००९ ला. मधल्या काळातला फरक म्हणजे थकबाकी. राज्यभरात ती सुमारे दीड हजार कोटींच्या घरात होती. १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळातल्या वाढीव बोज्याचा ८० टक्के वाटा केंद्र सरकार उचलणार होतं. आता गंमत बघा. केंद्राचं म्हणणं, राज्यानं आधी पैसे द्यावेत आणि मग आमच्याकडून भरपाई घ्यावी. राज्याचं म्हणणं, केंद्रानं आधी पैसे पाठवावेत, मग आम्ही वाटू. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत थांबतात, दोघींपैकी एकीचीही चूक सापडत नाही, आणि स्क्रीन गोठून जाते. इथं गोठलेल्या स्क्रीनसमोर बसली होती राज्यभरातली मुलं.

दुसरी मागणी नेट-सेटची, आणि ती जास्त गुंतागुंतीची. विद्यापीठ अनुदान आयोगानं सप्टेंबर १९९१ च्या नियमांनी अधिव्याख्यात्याला नेट किंवा सेट सक्तीची केली. नेट परीक्षाच मुळात १९८९ च्या शेवटी सुरू झालेली. कॉलेजं भराभर वाढत होती आणि नेट झालेले उमेदवार मोजके होते. त्यामुळे १९९० च्या दशकात महाराष्ट्रात हजारो जागा नेट-सेट नसलेल्या लोकांनी भरल्या गेल्या. जाहिरात, मुलाखत, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता, असं सगळं रीतसर करून. मग वर्षानुवर्षं त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही नेट करा, नाहीतर तुमची सेवा धरली जाणार नाही. पंधरा-वीस वर्षं शिकवलेला माणूस कागदावर तात्पुरताच राहिला. ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या अशा प्राध्यापकांची सेवा नियमित करा, आणि ती ते रुजू झाले त्या दिवसापासून धरा, ही ती मागणी.

रुजू झाल्याच्या दिवसावर एवढा जोर का? कारण १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना महाराष्ट्रात जुनी पेन्शन नाही. १९९५ पासून सेवा धरली तर म्हातारपणी पेन्शन मिळेल. २०१३ पासून धरली तर नाही. आमच्या ले-आउटमधले सर यातलेच एक होते. त्यांचं भांडण एका तारखेसाठी होतं आणि ताईचंही एका तारखेसाठी. त्या उन्हाळ्यात हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

कापड आणि पेपर

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेली ही मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आता एम्प्रेस सिटी मॉल आहे. मी इंजिनिअरिंगला असताना मित्रांबरोबर तिथं सिनेमे बघितले. आजोबांना संप म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. त्यांचं गणित सरळ होतं: साचा थांबला की कापड थांबतं, कापड थांबलं की मालकाचा पैसा थांबतो. मजूरही उपाशी राहतो, पण मालकाला झळ बसते. आधी कोण थकतो, एवढाच प्रश्न.

त्या उन्हाळ्यात आजोबांनी बाबांना विचारलं होतं, “मास्तरांनी काम थांबवलं तं मालकाचं काय थांबलं?”

बाबांकडे उत्तर नव्हतं. कॉलेज बंद पडलं म्हणून सरकारचं एका रुपयाचं उत्पन्न बुडत नाही. उलट पगार कापला तर पैसे वाचतात. प्राध्यापकाचा संप मालकाला दुखत नाही. दुखतो तो विद्यार्थ्याला. विद्यार्थी ओरडला, पालक ओरडले, वर्तमानपत्रं ओरडली, की मग ते दुखणं फिरून मंत्रालयात पोचतं. म्हणजे संपाचा सगळा जोर मुलांच्या वेळेवर उभा असतो. आणि मुलांच्या वेळेची सगळ्यात महाग जागा म्हणजे परीक्षा. जुलै-ऑगस्टमध्ये तास बुडाले तर मुलं कँटीनमध्ये बसतात. मार्चमध्ये पेपर बुडाला तर घरचे रस्त्यावर येतात.

प्राध्यापक या टोकाला एका दिवसात आले नव्हते. अनुदानातून थेट पगार मिळू लागण्याआधीचा काळ जुने प्राध्यापक सांगतात, तेव्हा खाजगी संस्थांमध्ये एका आकड्यावर सही घेऊन हातात दुसराच आकडा ठेवला जाई. संघटना उभ्या राहिल्या त्या या अपमानातून. १४ डिसेंबर १९७७ पासून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला, त्यात शिक्षकही होते. १९८७ मध्ये मेहरोत्रा समितीच्या वेतनश्रेणींवरून देशभरातले कॉलेज प्राध्यापक महिनाभर संपावर गेले. २००९ च्या जुलैत सहाव्या वेतन आयोगासाठी महाराष्ट्रातले प्राध्यापक दीड महिना संपावर होते, आणि १२ ऑगस्टचा शासन निर्णय त्या संपाच्या मधोमध निघाला. प्रत्येक वेळी धडा एकच मिळाला. निवेदनाला उत्तर येत नाही, संपाला येतं. आणि जे कागदावर मिळतं त्याची अंमलबजावणी व्हायला पुढचा संप लागतो.

नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं होतं. दर डिसेंबरात आपलं शहर मोर्च्यांनी भरून जातं. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला पोलिसांच्या बॅरिकेडपाशी थांबतात. विधान भवन तिथून दिसण्याच्या अंतरावर. याच भागात २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारींच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. आजही तिथं अंगणवाडी सेविका बसतात, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक बसतात, प्राध्यापकही बसतात. आपण ट्रॅफिकला शिव्या देत दुसऱ्या रस्त्यानं जातो. मीही जातो. मागणाऱ्याला आपण एवढं सवयीचं करून टाकलंय की कोणाचं तरी काही अडल्याशिवाय आपण त्याच्याकडे बघतच नाही.

बिल कोणी भरलं

२०१३ मध्ये मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते आणि उच्च व तंत्रशिक्षण मंत्री राजेश टोपे. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. बैठका झाल्या, कारवाईचे इशारे झाले. परीक्षेचं काम हे कायद्यानं प्राध्यापकाचं बंधनकारक काम आहे, असं सरकार सांगत होतं. आम्ही वर्गात शिकवतोय, फक्त परीक्षेचं काम करत नाही, त्यामुळे हा संपच नाही, असं प्राध्यापक सांगत होते. विद्यापीठं काही ठिकाणी कंत्राटी, निवृत्त आणि विनाअनुदानित कॉलेजांच्या शिक्षकांना घेऊन परीक्षा रेटत होती. शेवटी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं बहिष्कार मागे घ्यायला सांगितलं आणि १० मे २०१३ ला, ९६ व्या दिवशी, तो संपला.

मग सुरू झाली धावपळ. परीक्षा झाल्यावर ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लावावा असं तेव्हाचा विद्यापीठ कायदा म्हणत होता. पण तीन महिन्यांचं साचलेलं काम ४५ दिवसांत कसं मावणार? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे भराभर तपासले गेले. नागपुरात तर गुणांबद्दलचा अविश्वास आधीच मुरलेला होता. १९९९ चा बोगस गुणपत्रिकांचा घोटाळा या शहरानं बघितला होता, आणि त्यानंतर कित्येक वर्षं नागपूरच्या पदवीकडे बाहेरचे लोक भुवया उंचावून बघत. अशा ठिकाणी घाईत लागलेल्या निकालावर मुलांनी विश्वास ठेवावा तरी कसा?

नुकसान सगळ्यांचं सारखं झालं नाही, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं सत्र पुढे सरकलं, सुट्टी बुडाली, आणि ते विसरूनही गेले. शेवटच्या वर्षाची मुलं मात्र एका दारात उभी होती, आणि ते दार त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं. दुसऱ्या राज्यातले प्रवेश, नोकरीवर रुजू व्हायची मुदत, स्पर्धा परीक्षेच्या अर्जातली ‘पदवी पूर्ण’ची तारीख, यातलं काहीही महाराष्ट्रातल्या बहिष्काराकडे बघून ठरलेलं नव्हतं. गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडून नागपुरात खोली करून राहणाऱ्या मुलांना प्रत्येक पुढे गेलेल्या पेपरसोबत आणखी एका महिन्याचं भाडं आणि मेसचे पैसे भरावे लागले. ज्यांच्या घरी ते नव्हते ती गावी गेली. आणि गावी गेलेली मुलगी परीक्षेच्या तारखेला परत येतेच असं नाही, कारण मे महिना हा लग्नाचाही महिना असतो. ताईच्या वर्गातल्या एका मुलीचं असंच झालं. तिनं दोन पेपर दिले, बाकीचे कधीच दिले नाहीत.

ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी वेगळा धडा घेतला. आमच्या ले-आउटमध्ये त्यानंतर सरकारी अनुदानाच्या कॉलेजात मुलं घालणं हळूहळू कमी झालं. कोणी पुण्याला पाठवलं, कोणी खाजगी विद्यापीठात, कोणी मला घातलं तसं विनाअनुदानित इंजिनिअरिंगला. एका उन्हाळ्यामुळे हे झालं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण अनुदानित कॉलेज ही साध्या घरातल्या मुलाची भरवशाची जागा होती, तो भरवसा गेला. आणि मध्यमवर्ग जिथून निघून जातो तिथल्या दुरवस्थेबद्दल पुढे कोणी फारसं ओरडत नाही.

प्राध्यापकांना काय मिळालं? थकबाकी हप्त्याहप्त्यानं मिळाली. जून २०१३ च्या शासन निर्णयानं नेट-सेट नसलेल्यांची सेवा नियमित केली, पण निर्णयाच्या दिवसापासून. म्हणजे जी तारीख हवी होती ती मिळाली नाही, आणि पुढची लढाई कोर्टात गेली. शिवाय बहिष्काराच्या काळातला ७१ दिवसांचा पगार सरकारनं रोखला. ‘७१ दिवसांचं वेतन’ हा शब्दप्रयोग त्यानंतर कित्येक वर्षं प्राध्यापकांच्या प्रत्येक निवेदनात होता. मुलांच्या ९६ दिवसांसाठी असा शब्दप्रयोग कोणीच तयार केला नाही. त्यांची संघटना नव्हती, आणि निकाल लागला की ती विद्यार्थीही राहिली नव्हती.

हे फक्त आपल्याकडचं नाही

नायजेरियातल्या सरकारी विद्यापीठांच्या प्राध्यापक संघटनेनं १४ फेब्रुवारी २०२२ ला संप सुरू केला. तो आठ महिन्यांनी, ऑक्टोबरच्या मध्यात, न्यायालयाच्या आदेशानंतर थांबला. भांडणाच्या मुळाशी होता २००९ मध्ये सरकारनं केलेला आणि पुरता न पाळलेला करार. सरकारनं ‘काम नाही तर पगार नाही’ म्हणत संपाच्या काळातला पगार रोखला. तिथल्या चार वर्षांच्या पदवीला किती वर्षं लागतील हे मुलांना सांगता येत नाही, आणि ज्यांना परवडतं ते खाजगी विद्यापीठात किंवा परदेशात जातात. नावं बदलली की गोष्ट विदर्भातली वाटते.

२०२३ मध्ये ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या शिक्षकांनी एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पेपर तपासण्यावर बहिष्कार घातला. तिथंही पदवीदान समारंभात झगे घालून उभ्या राहिलेल्या काही मुलांना अंतिम गुण माहीत नव्हते. श्रीमंत देश असो की गरीब, शिक्षकाच्या हातात शेवटी एकच हत्यार उरतं, आणि त्याचं टोक विद्यार्थ्याकडे असतं. म्हणून असा संप लांबवण्यात सरकारचा फायदा असतो. जेवढा तो लांबतो तेवढे लोक शिक्षकावर चिडतात. मूळ करार कोणी मोडला, हे शंभराव्या दिवशी कोणाच्याच लक्षात राहत नाही. आमच्या बाबांच्याही राहिलं नव्हतं.

नंतरची शांतता

सप्टेंबर २०१८ मध्ये प्राध्यापक पुन्हा संपावर गेले. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या विनाअनुदानित कॉलेजला त्या संपाशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्याकडच्या सरांचे पगार तेव्हा चार-चार महिने थकलेले असत आणि ते तरीही वर्गात येत, कारण नाही आले तर दुसरे तयार होते. त्या वेळच्या मागण्यांमध्ये ७१ दिवसांचं वेतन होतंच, पण पहिली मागणी आता वेगळी होती: रिकाम्या जागा भरा. मे २०१७ मध्ये वित्त विभागानं नव्या भरतीवर बंधनं घातली होती. निवृत्त होणाऱ्याच्या जागी कोणी येत नव्हतं. पंधरवड्यानं संप मिटला, नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला मंजुरी मिळाली, आणि तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्यातल्याच उरलेल्या २,०८८ जागांसाठी नव्यानं मंजुरी काढावी लागली.

मधली पोकळी भरून काढली तासिका तत्त्वानं. कॉलेजात सगळे त्याला सीएचबी म्हणतात. २०१८ च्या आदेशानं पदवीच्या वर्गाला तासाला ५०० रुपये ठरले, २०२३ पर्यंत ते ९०० झाले. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. म्हणजे एकही सुट्टी न येता महिना गेला तर ३२,४०० रुपये. दिवाळीच्या सुट्टीचे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत, आणि हातात येतात ते बिल मंजूर झाल्यावर. त्याच वर्गात, तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या नव्या कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगातलं नुसतं मूळ वेतन ५७,७०० आहे.

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ चं. शताब्दी वर्षात, जानेवारी २०२३ मध्ये, इथं १०८ वी इंडियन सायन्स काँग्रेस भरली. शहरभर कमानी लागल्या. मी वर्क फ्रॉम होम होतो, ताईला स्कूटरवरून सोडायला गेलो. तिला विज्ञानाचं प्रदर्शन बघायचं होतं.

कारण ताई आता स्वतः शिकवते. बाहेरच्या विद्यापीठातली जागा गेल्यावर तिनं इथंच एम.एस्सी. केलं. नेट पास झाली. पीएच.डी. केली. ज्या परीक्षेच्या नावावरून २०१३ मध्ये तिचे पेपर अडले, ती परीक्षा तिनं काढली, आणि गेली सहा वर्षं ती सीएचबीवर आहे. नेट नसलेले सर कायम नोकरीसाठी भांडत होते. नेट असलेल्या ताईकडे भांडायला नोकरीच नाही.

सर आता निवृत्त झालेत. मध्यंतरी गेटपाशी भेटले. मी विचारलं, “सर, आता पहिल्यासारखे संप होत नाहीत, नाही का?”

ते म्हणाले, “करणार कोण? संप करायला आधी कायम नोकरी लागते. सरकारनं आमच्याशी भांडण मिटवलं नाही बाबू, आमच्यासारखे लोकच लावणं बंद केलं.”

हे सगळं सरकारनं ठरवून केलं, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. तिजोरीची ओढाताण खरी होती, इतर कारणंही असतील. पण परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०१३ मध्ये ९६ दिवस परीक्षा थांबल्या तेव्हा प्रत्येक पेपरात पहिल्या पानावर मोजणी चालली होती: आज पन्नासावा दिवस, आज साठावा. आज एखाद्या कॉलेजात भौतिकशास्त्राला कायम शिक्षक नसून पाचवं वर्ष सुरू असतं, जुलैमध्ये सुरू व्हायचे तास सीएचबीच्या मान्यतेअभावी सप्टेंबरला सुरू होतात, आणि त्याची मोजणी कोणी करत नाही. दरवर्षी बुडणाऱ्या त्या दोन महिन्यांना संप म्हणत नाहीत म्हणून ती बातमी होत नाही.

मी त्या ९६ दिवसांचा राग अजून पूर्ण सोडलेला नाही. आपल्या न्याय्य तारखेसाठी दुसऱ्याची तारीख गहाण टाकायचा हक्क सरांना होता, असं मला आजही वाटत नाही. मुलांनी दोन सरकारांची थकबाकी का भरावी? पण त्या रागाचा मोठा वाटा मी इतकी वर्षं चुकीच्या दारावर नेऊन ठेवला होता. केंद्र आणि राज्य एकमेकांची वाट बघत बसले होते, तेव्हा आमच्यापैकी कोणीही मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला जाऊन उभं राहिलं नाही. आम्ही गेटपाशी सरांना गाठत होतो, कारण ते गेटपाशी सापडत होते.

या उन्हाळ्यात ताईला पेपर तपासायला बोलावलं होतं. रोज सकाळी तोंडाला दुपट्टा बांधून, पाण्याची बाटली घेऊन ती स्कूटरवर निघायची. एका रात्री मी तिला विचारलं, “उद्या संघटनेनं म्हटलं की पेपर तपासू नका, तर तू काय करशील?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी नाही गेले तर दुसरी कोणी जाईल. माझा संप कोणाला दिसणार आहे? आणि दिसला असता तरी...” तिनं वाक्य पूर्ण केलं नाही.

तिच्या वाट्याचे गठ्ठे तिनं मुदतीच्या चार दिवस आधी संपवले. निकाल वेळेवर लागला. तपासणीचं तिचं मानधन, हे लिहीपर्यंत, आलेलं नाही.